विश्लेषण : ‘पीसीओएस’ला विम्याचे कवच का मिळत नाही?

पाळी महिनोनमहिने लांबणे, चेहऱ्यावर केस येणे, वजन वाढणे, गर्भधारणेत अडचणी. ‘पीसीओएस’ (बोलण्यात ‘पीसीओडी’) हा विकार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतका सर्रास आढळणारा आजार आरोग्य विम्यात मात्र जवळपास दिसतच नाही.

दावा अडतो कुठे?

आपला आरोग्य विमा रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेला आहे आणि पीसीओएससाठी सहसा दाखल व्हावे लागत नाही. सोनोग्राफी, संप्रेरकांच्या तपासण्या, मेटफॉर्मिन किंवा हार्मोनच्या गोळ्या, आहारतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ असा सगळा खर्च ओपीडीतला, तोही वर्षानुवर्षे. ओपीडीचे संरक्षण देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण जादा हप्ता भरून आणि मर्यादेसह. वंध्यत्वावरील उपचार वगळण्याची मुभा तर विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांमध्येच आहे. पॉलिसी घेताना आजार लपवला तर दावा फेटाळला जाण्याची भीती. सांगितला तर ‘पूर्वीपासूनचा आजार’ म्हणून तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा. २०२४ पर्यंत ही कमाल मुदत चार वर्षांची होती, एवढाच काय तो दिलासा.

सक्तीचा दाखला आहे का?

आहे. मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बजावले. तरीही २०२२ मध्ये नियामकाला कंपन्यांना त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. कायदा असताना ही गत, तर कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेल्या पीसीओएसचे काय होणार?

हप्ते वाढणार नाहीत?

थोडे वाढतील. पण दुर्लक्षित पीसीओएसमुळे टाइप-२ मधुमेहाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्यासाठी दाखल झाल्यावर पैसे विमा कंपनीच मोजते. अडचण अशी की, आज तपासण्यांवर खर्च करणारी कंपनी आणि पंधरा वर्षांनी वाचणारी कंपनी एकच असेल याची खात्री नाही. ग्राहक पॉलिसी बदलतो. म्हणून एकटी कंपनी पुढाकार घेणार नाही, नियम सर्वांना सारखाच हवा. सुरुवात वार्षिक मर्यादेत तपासण्या आणि डॉक्टरांच्या भेटींपासून करता येईल. ‘आयुष्मान भारत’ही दाखल रुग्णांपुरतीच असल्याने गरीब स्त्रियांसाठी सरकारी दवाखान्यांतील तपासण्या आणि औषधे यांची तजवीज वेगळीच करावी लागेल.