सड्यावर तंबू नको

होळी आटोपली की विचारणा सुरू होते. वसंत आलाय, जोडून सुट्टी मिळतेय, दुर्मीळ रानफुलं बघायला कुठे जाऊ, आणि तिथे तंबू टाकता येईल का? विचारणाऱ्यांचा दोष नाही. वसंत म्हणजे फुलं हे शाळेतल्या निबंधापासून आपल्या डोक्यात बसलंय, आणि कॅलिफोर्नियातल्या केशरी टेकड्यांचे व्हिडिओही नेमके मार्च-एप्रिलमध्येच फोनवर येऊन आदळतात. तिकडे हिवाळ्यात पाऊस पडतो, म्हणून बहर वसंतात येतो. आपल्याकडे चैत्रात कासच्या पठारावर जाऊन उभं राहा. तांबडा-काळा कातळ, वाळलेल्या गवताच्या काड्या, कुठे वणव्याची राख आणि बुटाच्या तळव्यातून वर चढणारी धग. फूल म्हणून नाव नाही.

चैत्रातला बहर आपल्याकडे झाडांचा असतो. पळस, पांगारा, सावर, कासच्या आसपासच्या रानातली निळीजांभळी अंजनी, आणि खाली कोकणात फांद्यांना घट्ट बिलगून फुलणारी सुरंगी. त्यांची मुळं खोल, त्यांना खालची ओल पुरते. जमिनीलगतच्या इटुकल्या वनस्पतींना मात्र वरून पडणाऱ्या पाण्याचीच वाट बघावी लागते. त्यांचा वसंत मृगाला सुरू होतो आणि भाद्रपदात ऐन भरात येतो. तेव्हा चैत्रातल्या सुट्टीत पळस बघून या, जरूर या. रानफुलांच्या नावाने रजा टाकायची तर ती सप्टेंबरसाठी राखून ठेवा.

किंवा जूनसाठी. पहिल्या सरींनंतरचे पंधरा दिवस फार कमी लोक बघतात, कारण तेव्हा धबधबे सुरू झालेले नसतात आणि रील करण्याजोगं काही दिसत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, दीपकाडीची पांढरी फुलं याच दिवसांत येतात आणि बघता बघता संपतात. रानात सापकांदा फणा काढतो. शेवळाचा फुलोरा पान यायच्या आधीच जमिनीतून वर येतो. ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारात आदिवासी बाया शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात आणि सोबत काकडाची आंबट फळंही विकतात, कारण ती घातल्याशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते. ज्या फुलोऱ्याचा फोटो काढायला शहरातला माणूस दीडशे किलोमीटर गाडी चालवत जातो, तो या बायांच्या टोपलीत भाजी म्हणून असतो. रानाचं वेळापत्रक कुणाला पाठ आहे, हे मग वेगळं सांगायला नको.

आता सड्याबद्दल. वर जांभा, खाली बेसाल्ट, आणि त्या कातळावर मातीचा थर कुठे चार बोटं, कुठे तेवढाही नाही. पावसाळ्यात या थरात पाणी तुंबतं आणि पोषक द्रव्यं धुऊन जातात. मोठं झाड तिथे उभं राहू शकत नाही, जोमदार गवतालाही फारसं खायला मिळत नाही. अशा उपाशी जमिनीवर टिकायचं तर युक्त्या लागतात. सीतेची आसवं या नाजूक जांभळ्या फुलाच्या मुळाशी बारीक फुगे असतात. सूक्ष्म जीव जवळ आला की फुगा त्याला पाण्यासकट आत ओढून घेतो. दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी चिलटं पकडते. गेंदाचे पांढरे गोंडे पाणथळ मातीत पाय रोवून उभे असतात. बियांपासून बियांपर्यंतचा सगळा संसार तीन-चार महिन्यांत उरकायचा, नाहीतर पुढच्या पावसापर्यंत कंदाच्या रूपात मातीत झोपून राहायचं. म्हणूनच सड्याचा रंग दर पंधरवड्याला बदलतो: आधी पांढरा, मग जांभळा-गुलाबी, शेवटी सोनकी आणि कवल्याचा पिवळा.

हा गालिचा सुंदर असतोच. पण गालिचा म्हणजे दुर्मीळ फुलं नव्हेत. तेरडा आणि सोनकी सह्याद्रीत भरपूर आहेत. कासवर ती एका नजरेत मावतात एवढंच. खरी दुर्मीळ वनस्पती बहुधा एकटी असते, गवतात लपलेली, आणि समोर असूनही दिसत नाही. कंदीलपुष्पांचं कुळ घ्या. वनस्पतिशास्त्रात त्याला सेरोपेजिया म्हणतात, गुराखी पोरं खरपुडी म्हणतात आणि कंद उकरून खातात. फूल म्हणजे एक नळी, खाली फुगीर, वर पाकळ्या टोकाला जुळलेल्या. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते. नळीच्या आतले केस खालच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे उतरणं सोपं आणि बाहेर पडणं अशक्य. माशी आत अडकून फिरत राहते आणि तिच्या तोंडाला परागांचे पुंजके चिकटतात. मग केस कोमेजतात, दार उघडतं आणि माशी दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा फसते. एवढी गुंतागुंतीची व्यवस्था एखाद-दुसऱ्या जातीच्या माशीवर अवलंबून असेल, तर बी धरण्याचं प्रमाण किती असणार?

या कुळातल्या कितीतरी जाती एखाद्या डोंगरापुरत्या किंवा दोन-चार गडांपुरत्या उरल्या आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीवरची जात 2006 साली शास्त्राला नव्याने कळली आणि तिला त्या डोंगराचंच नाव मिळालं. हरिश्चंद्रगडावर एक आहे. सिंहगडाच्या परिसरात एक आहे. रविवारी पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन उतरणाऱ्या गर्दीतल्या किती जणांना ती माहीत असेल? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या कुळावर अनेक वर्षं काम केलं, रोपं वाढवली, काही जाती पुन्हा डोंगरावर नेऊन लावल्या. असं काम बातमीत येत नाही, कारण त्यात दाखवायला गालिचा नसतो.

शिंदळ माकुडी या दुसऱ्या दुर्मीळ वनस्पतीची कथा तर याहून जुनी. मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक डॅलझेल यांनी 1860च्या दशकात जुन्नरच्या बाजूला ती पहिल्यांदा टिपली आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. काळपट तांबडी चांदणी, तिच्यावर पिवळे ठिपके, आणि राहायला सरळसोट कडा. शिवनेरीवर ती आहे, सज्जनगडावर आहे. माणसाला पोहोचता येणार नाही अशा जागी राहिली म्हणून ती वाचली, असं म्हणायला हरकत नाही. त्या काळात डोंगरांत जायला धड रस्ते नव्हते, खिशात कॅमेरा नव्हता. तरीही पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य असलेले थिओडोर कुक नावाचे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा असा ग्रंथ लिहून गेले, की 1901 ते 1908 या काळात निघालेल्या त्याच्या भागांवाचून आजही अभ्यासकांचं पान हलत नाही. आपल्या हातात फोन आहे आणि आपण 'लोकेशन पाठव' म्हणतो.

मुद्द्यावर येतो. गेल्या काही वर्षांत 'फुलं अधिक तंबू' असं जोडपाकीट विकलं जाऊ लागलंय. शनिवारी संध्याकाळी चढायचं, सड्यावर मुक्काम, शेकोटी, गिटार, पहाटे ढग, सकाळी फुलांबरोबर फोटो. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण तंबू कुठे उभा राहतो ते बघा. सपाट, मोकळी, थोडी मऊ जागा लागते, म्हणजे सड्यावर जिथे जरा माती साठलीय नेमकी तीच. कंद झोपलेले असतात तेही तिथेच. खुंटी कातळात शिरत नाही, म्हणून आजूबाजूचे दगड उचलून दोऱ्यांवर ठेवले जातात. पाऊस आला तर तंबूभोवती चर खणला जातो. त्या एका चराने पाण्याची वाट बदलते आणि खालच्या अंगाची आसवं नि गेंद कोरडे पडतात.

दगड उचलण्याला आपण काहीच मानत नाही. आंबोलीच्या जांभ्या सड्यावर एक छोटा भेक राहतो, जो जगात त्या परिसराबाहेर सापडलेला नाही. त्याचं घर म्हणजे सड्यावर सुटे पडलेले दगड, आणि त्याचा पाळणा म्हणजे पहिल्या पावसात कातळाच्या खळग्यात साठलेलं ओंजळभर पाणी. तंबूच्या दोऱ्या ताणायला उचललेला दगड म्हणजे त्याचं छप्पर. फुलांच्या हौसेपायी आपण बेडकाला बेघर करतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

कुणी म्हणेल, गुरं चरतातच की तिथे, शेकडो खुरं फिरतात, दहा तंबूंनी काय होणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कासनेच देऊन ठेवलंय. कास 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं, गर्दी उसळली आणि पठाराला जाळीचं कुंपण घातलं गेलं. हेतू चांगला होता. पण कुंपणाने गुरं अडली, गवत माजलं, फुलं त्यात दबली, अशी ओरड झाली. अखेर कुंपण काढावं लागलं. गुरं गवत खुडतात, शेण टाकतात आणि पुढे जातात. शतकानुशतकांच्या या येरझाऱ्यांत सडा घडलाय. माणसं मात्र एकाच जागी बसतात, मांडी घालतात, आडवी होतात, शेकोटी पेटवतात, आणि पुढच्या शनिवारी त्याच जागी दुसरी टोळी येते. खूर आणि तंबू यांचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही.

कासला निदान व्यवस्था आहे. रोजच्या पर्यटकांवर तीन हजारांची मर्यादा, आधी नोंदणी, आखलेल्या वाटा, आणि आसपासच्या गावांच्या समित्यांकडे कारभार. या व्यवस्थेत खोट काढायची तर भरपूर निघेल. शनिवार-रविवारी घाटातली गाड्यांची रांग बघितली की फुलं बघायला आलोय की टोल भरायला, असं वाटतं. पण तिथे रात्री तंबू पडत नाहीत, आणि ही मोठी गोष्ट आहे. फटका बसतो तो कासवर जागा न मिळाल्याने गर्दी जिकडे वळते त्या ठिकाणांना. चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, आंबोली-चौकुळचे सडे, अंजनेरी, हरिश्चंद्रगड. त्यांतला हरिश्चंद्रगड तर अभयारण्यात आहे. तरी कोकणकड्यावर तंबूंची वसाहत किती वेळा उठली आणि किती वेळा पुन्हा बसली, हे गडावर जाणाऱ्या कुणालाही विचारा.

आणखी एक जमात आहे, तिच्याबद्दल बोलायला मला संकोच वाटतो, कारण त्यात माझे स्नेही आहेत. मॅक्रो लेन्सवाले. चिप्सची पाकिटं टाकणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त रागावतात. पण फोटोच्या आड येतंय म्हणून फुलाभोवतीचं गवत उपटणारे, एका कंदीलपुष्पाला गराडा घालून दोन तास कोपरावर आडवे पडणारे आणि घरी आल्यावर जागेच्या खुणेसकट फोटो टाकणारे हेच. गवत हा त्या वेलीचा आधार असतो आणि तिची लपण्याची जागाही. ते काढलं की उरलेलं काम साळिंदर करतं किंवा कंद उकरून कुंडीत लावणारा हौशी करतो. दुर्मीळ फुलाचा फोटो जागेच्या नावाशिवाय टाकला तर त्याचं सौंदर्य कमी होत नाही. तालुक्याचं नावही नको, जिल्हा पुरे.

आता पैशाची बाजू, कारण तिच्याशिवाय हे बोलणं शहरी उपदेश ठरेल. तंबू भाड्याने देणारा बहुतेक वेळा पायथ्याच्या गावातलाच पोरगा असतो. भात लावून झाल्यावर दोन महिने हातात रोख पैसा आणणारं दुसरं साधन त्याच्याकडे नसतं. त्याला बंदी सांगायची आणि आपण मोकळं व्हायचं, हे बरोबर नाही. पण नीट बघितलं तर तंबूत गावाचा वाटा थोडाच असतो. मुंबई-पुण्याचा आयोजक पाकीट विकतो, गावाच्या वाट्याला तंबूचं भाडं आणि सकाळचे पोहे येतात. तोच मुक्काम गावातल्या पडवीत झाला तर रात्रीचं जेवण, अंथरूण, सकाळचा चहा, वाटाड्या, सगळे पैसे गावात राहतात. शिवाय वाटाड्या बरोबर असला की फुलं जास्त दिसतात. खरपुडी कुठल्या बांधाला असते, हे लहानपणी ती उकरून खाल्लेल्या माणसाइतकं कुणाला कळणार?

वनखात्याने यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. अभयारण्यं, राखीव वनं, संवर्धन राखीव क्षेत्रं यांत मुक्कामाचा निर्णय खात्याच्याच हातात आहे. जून ते ऑक्टोबर सड्यावर आणि गडमाथ्यावर तंबू नाही, अशी एक ओळ प्रत्येक पायथ्याच्या फलकावर लागावी, आणि त्याच फलकाखाली गावातल्या मुक्कामाची सोय करणाऱ्या घरांचे क्रमांक असावेत. बंदी आणि पर्याय एकाच फलकावर हवेत. नुसत्या बंदीची पाटी आपल्याकडे वाकवून तिच्यावर कपडे वाळत घालतात.

वाचकांपुरतं सांगायचं तर या भाद्रपदात बघायला जा, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. श्रीकांत इंगळहळीकरांची सह्याद्रीतल्या फुलांची पुस्तिका आणि एक साधं भिंग पिशवीत टाका. वाट सोडू नका. वाटेच्या कडेला गुडघे टेकून हातभर जागा भिंगातून बघितली तरी सकाळ पुरणार नाही. मुक्कामासाठी आधी गावात फोन करा, घरमालकिणीला माणसं किती आणि शाकाहारी किती ते सांगा. तंबू घरीच ठेवा.