जपानीची वाट मराठीतून

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची गर्दी आता नवलाची राहिलेली नाही. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेसाठी कॉलेजातली मुले, आयटीतली मंडळी, निवृत्तीनंतर हौसेने आलेले आजी-आजोबा एन-फाइव्ह या सुरुवातीच्या पातळीच्या वर्गात शेजारी शेजारी बसतात. बहुतेकांची घरची भाषा मराठी. व्याकरण मात्र पोहोचते ते इंग्रजीतून: जपानी वाक्य, त्याखाली रोमन उच्चार, त्याखाली इंग्रजी अर्थ. मीही नवशिका आहे, आणि अभ्यासाला बसले की रोज नव्याने पटते, की या वळशाने सोपी गोष्ट अवघड होते.

अक्षरओळखच घ्या. हिरागाना या जपानी लिपीचा तक्ता आ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम ओळखीचा वाटतो, आणि तो योगायोग नाही. कूकाई हा भिक्षू 806 साली चीनहून जपानला परतला तो संस्कृत लिहिण्याच्या सिद्धम् लिपीची विद्या घेऊन. मठांतून चाललेल्या या अभ्यासातूनच पुढे जपानी ध्वनींना संस्कृत वर्णमालेची मांडणी मिळाली. 'न' आणि 'म' यांच्यामध्ये 'ह' कसा आला, हे ए-बी-सी-डीतून येणाऱ्याला नुसते पाठ करावे लागते. आपल्याला लगेच दिसते, की ही जागा 'प'ची आहे. प्राचीन जपानीत तिथे 'प'च होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आजही त्या 'ह'ला दोन छोट्या रेघा दिल्या की 'ब' होतो, वर्तुळ दिले की 'प'.

पुढची गंमत 'स'च्या ओळीत. सा, शि, सु, से, सो. मधला 'शि' अपवाद म्हणून लक्षात ठेवा, असे रोमनमधून शिकताना सांगितले जाते. अपवाद कसला? एक म्हैस, दोन म्हशी. 'ई' पुढे आली की 'स'चा 'श' होणे आपल्या जिभेला सवयीचे आहे. 'त'च्या ओळीतही तेच: ता, चि, त्सु, ते, तो. 'चि' चिमणीतला आणि 'त्सु' चुलीतला. चोर, चूल, चाक म्हणताना जीभ दातांना टेकते, तोच हा ध्वनी. वर्तमानपत्रांनी 'त्सुनामी' असे जोडाक्षर लिहून जो उच्चार अवघड करून ठेवला आहे, तो प्रत्येक मराठी तोंडात जन्मापासून आहे.

पण खरा खजिना वाक्यात आहे. क्रियापद शेवटी येते आणि 'ला', 'चा', 'हून' यांसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, हे पहिल्याच आठवड्यात कळते. 'मिझु गा होशीइ', म्हणजे 'पाणी हवे', या वाक्यात पाण्याला कर्त्याचा प्रत्यय का, यावर इंग्रजी टिपांना मोठा खुलासा करावा लागतो. मराठीत आपण 'मला पाणी हवे' म्हणतो, तिथेही पाणीच प्रथमेत असते. आणि जोडक्रियापदे! 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'मिरु' म्हणजे बघणेच. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'मोत्ते कुरु' घेऊन येणे, 'मोत्ते इकु' घेऊन जाणे. इंग्रजी टिपांत यातल्या प्रत्येकाला वेगळा नियम आणि वेगळा अर्थ: प्रयत्न करणे, आधीच तयारी करणे वगैरे. मराठी बोलणाऱ्याला एकच सांगावे लागते, 'ऊन'च्या जागी 'ते' ठेव.

सगळीकडे मराठी पुरत नाही, हेही खरे. नित्य वापरातल्या 2,136 कांजी, म्हणजे चिनी अक्षरे, प्रत्येकाने स्वतःच घटवायच्या. 'देणे' या एका क्रियेसाठी कोणी कोणाला दिले त्यानुसार क्रियापद बदलते. ते रीतसर शिकावेच लागते. ह्रस्व-दीर्घ आपण कागदावर पाळतो, बोलताना सोडून देतो, आणि जपानीत 'ओजिसान' काका तर 'ओजीसान' आजोबा. तिथे कानच तयार करावा लागतो. पण मराठी जिथे हात देते तिथे तो नाकारायचा, याला कारण नाही.

वर्गात अमराठी विद्यार्थीही असतात, म्हणून इंग्रजी, असे उत्तर मिळते. हे उत्तर मला मुळीच पटत नाही. हिंदीवाला 'खाकर देखो' म्हणतो, कानडी मुलगा 'तिंदु नोडु' म्हणतो. दोघांच्याही वाक्यात 'बघणे' जपानीच्याच जागी आहे. त्या वर्गात ही रचना परकी आहे ती फक्त इंग्रजीला. पुण्यात जपानी शिकवणारे कितीतरी शिक्षक स्वतः मराठी आहेत आणि हे साम्य त्यांना माझ्याहून कितीतरी अधिक ठाऊक आहे. 'ते'-रूपाच्या धड्याला त्यांनी इंग्रजी तक्त्याआधी फळ्यावर चार मराठी वाक्ये लिहावीत, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला त्याच्या भाषेतली चार सांगायला लावावीत. येत्या डिसेंबरच्या परीक्षेला बसणाऱ्या तुकडीपासूनच हे करता येईल.