भेटी मोजायच्या कुणी?

किती झाले आणि किती राहिले, हे प्रश्न आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल विचारतो. मानसोपचारासाठी जाणाऱ्या बाईलाही आपल्याकडे हेच विचारतात. सासू विचारते, नवरा विचारतो, ऑफिसातला एचआर विचारतो. मदत देणाऱ्या योजना तर विचारतही नाहीत, आधीच आकडा छापून ठेवतात. सहा सेशन. आठ सेशन. दहा सेशन. त्यानंतर मन बरं झालंच पाहिजे, असा जणू हुकूमच निघालाय.

माझं म्हणणं सरळ आहे. या उपचाराला मर्यादा जरूर असावी, पण ती उपचार घेणारी बाई आणि उपचार देणारा तज्ज्ञ, या दोघांनी मिळून ठरवावी. पैसे देणाऱ्याने बाहेरून आकडा लावला, तर त्याला मी कुलूप म्हणते.

टीबी झाला की निदान सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला तरी डॉक्टर गोळ्या सोडू देत नाहीत, आणि घरातलेही 'पुरे की आता' म्हणत नाहीत. कोर्स किती, हे तिथे रोग ठरवतो. मनाच्या बाबतीत मात्र ते पाकीट ठरवतं.

हे मी उगाच म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथे २००६ मध्ये सरकारने मानसोपचाराच्या भेटींचे पैसे द्यायला सुरुवात केली, वर्षाला बारा भेटी, अगदीच अडचण असेल तर अठरा. २०११ च्या बजेटनंतर त्या दहावर आल्या. २०२० मध्ये करोना आला, तेव्हा वीस केल्या. आणि १ जानेवारी २०२३ पासून पुन्हा दहा. बारा, दहा, वीस, दहा! माणसाचं मन या सतरा वर्षांत तीनदा बदललं का? बदलला तो हिशेब. त्या योजनेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं, की जादा दहा भेटी बंद करू नका, ज्यांचा त्रास गुंतागुंतीचा आहे त्यांच्यासाठी ठेवा. तरीही त्या सगळ्यांसाठी बंद झाल्या.

मर्यादेच्या बाजूचे लोक एक जुना अभ्यास पुढे करतात. १९८६ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. साधारण आठ भेटींत निम्म्या रुग्णांना फरक पडलेला दिसला. झालं, आठ हा आकडा मिळाला! पण त्याच अभ्यासात पुढे लिहिलंय, की तीन चतुर्थांश रुग्णांना फरक पडायला सव्वीस भेटी लागल्या. म्हणजे आठव्या भेटीला दार लावलं, तर निम्मी माणसं बाहेर राहतात. आणि सव्वीस झाल्या तरी चौथा हिस्सा राहतोच. त्यांना काय सांगायचं, तुमचा कोटा संपला?

बाहेर कोण राहतं, तेही बघा. ज्या बाईला झोप लागत नाही, परीक्षेची किंवा नोकरीची काळजी आहे, तिचं सहा भेटींत भागू शकतं. ज्या बाईचं दुखणं घराच्या आतलं आहे, तिला बोलायलाच चार भेटी लागतात. माझ्या ओळखीतली एक मुलगी पुण्यात नोकरीला आहे. कंपनीने सहा सेशन फुकट दिले. पहिले तीन डोकेदुखी आणि कामाच्या ताणावर गेले. चौथ्याला नवऱ्याचं नाव निघालं. पाचव्याला, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, तो हात उचलतो हे ती पहिल्यांदा कुणाजवळ तरी बोलली. सहावा शेवटचा. त्यात तिला फॉर्म भरायला दिला, 'सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?' जखम उघडायची आणि पट्टी न बांधता पेशंटला उठवायचं, याला उपचार कसं म्हणू?

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही. आपल्या देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापर्यंत पोचतच नाहीत. मग एकीनेच पन्नास भेटी घेतल्या तर रांगेतल्या बाकीच्यांनी काय करायचं? प्रश्न योग्य आहे. शिवाय वर्षानुवर्षं पेशंटला लटकावून ठेवणारेही असतात, हेही खरं. पण याचं उत्तर सगळ्यांना एकच माप लावणं हे कसं? दर पाच-सहा भेटींनी दोघांनी बसून बघावं, काय सुधारलं, काय राहिलं, पुढे किती लागेल. जिचं भागलं तिने जागा मोकळी करावी, जिचं नाही तिला मिळावी. आणि रांग लांब आहे म्हणून तज्ज्ञ वाढवायचे सोडून रांगेतल्या बायकांनाच बाहेर काढायचं, हा कुठला न्याय?

आपल्या लोकांचा एक आक्षेप मला जास्त बोचतो. "मर्यादा तर आपला धर्मच आहे," एक आत्याबाई म्हणाल्या, "परिमाण केल्याशिवाय श्रावकाचं व्रत होत नाही." अगदी खरं. परिग्रहाला परिमाण आहे, दिशांना परिमाण आहे. पण आत्याबाई, ते परिमाण घेतं कोण? जिचं व्रत ती. आपली शक्ती पाहून, समजून उमजून. घरात दाणा नाही म्हणून उपाशी राहिलेल्या बाईला आपण 'उपवास घडला' म्हणत नाही. दुसऱ्याने कोठीला कुलूप घातलं तर ते व्रत होत नाही. आणि सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटं बसणाऱ्या बाईला कधी कुणी विचारलंय का, अजून किती सामायिकं राहिली म्हणून? समुपदेशकासमोरचा वेळही जवळपास तेवढाच असतो. तोच तेवढा डोळ्यांत का खुपतो?

कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच धरावं. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. आणि मनाचा बहुतेक उपचार भरती न होता, आठवड्याला एकदा जाऊन येऊनच होतो. म्हणजे हक्क कागदावर, आणि भेटीची फी बाईच्या भिशीतून. भिशीचा नंबर लागेपर्यंत उपचार थांबलेला.

तेव्हा मागणी करायची तर अशी करू. विम्यात बाहेरून घेतलेला उपचारही धरा. कंपन्यांनो, फुकट सेशन द्या, पण सहाव्यानंतर पुढची सोय लावून द्या, नुसते फोन नंबर हातात देऊ नका.

आणि बायांनो, तोवर आपण काय करायचं? भेटी मोजक्याच मिळणार असतील तर पहिल्याच दिवशी समुपदेशकांना तसं स्पष्ट सांगा आणि जड गोष्ट आधी बोला. शेवटच्यासाठी राखून ठेवू नका. पुढे कुठे जायचं, हे तिसऱ्या भेटीतच विचारा. बेळगावकरांना धारवाडचं डिमहान्स हे सरकारी रुग्णालय जवळ आहे. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही, रात्री-अपरात्रीसुद्धा.

राहिलं घर. सून, लेक, जाऊ, कुणी अशी जात असेल तर आकडा विचारू नका. संध्याकाळी ती परत आली की चहा ठेवा, आणि पुढच्या गुरुवारी ती जाईल तेव्हा तिचं पोर सांभाळा.