दारूत होता तो

महागावच्या एसटी स्टँडवर पुसदच्या गाडीची वाट बघताना कानावर पडलेलं बोलणं. कुठल्याशा गावात एका पोट्ट्यानं रात्री मुलीची वाट अडवली, हात धरला. सांगणारी बाई चांगलीच चिडलेली. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "दारूत होता म्हणे थो." झालं, राग अर्ध्यावर आला. मग पुण्यात शिकणाऱ्या कुणा मुलीची गोष्ट निघाली. तिच्यावर पार्टीत जबरदस्ती झाली होती. तीच दुसरी बाई म्हणाली, "तिनंबी घेतली होती म्हणे." आता राग उरलाच नाही. उरलं ते एवढंच, "काहून गेली होती तिथं?"

गावाबाहेर रूम करून शिकणाऱ्या मुलामुलींबद्दल मी हे सदर लिहितो, पण दारूचा विषय आजवर टाळला. आपल्याकडं दारू म्हटलं की देशीचं दुकान, मार खाणारी बायको आणि विकलेलं वावर एवढंच डोळ्यांपुढं येतं. तेही खरंच आहे. शेजारच्या चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला दारूबंदी आली आणि 2021 मध्ये उठली. यवतमाळच्या बायांनीही जिल्हा दारूबंदीसाठी मोर्चे काढले. पण त्या सगळ्या भांडणात कॉलेजातला पोरगा कुठं दिसत नाही. महाराष्ट्रात देशी असो की व्हिस्की, 25 वर्षांखालच्याला ती देता येत नाही. बिअरसाठी 21 पूर्ण लागतात. म्हणजे कायद्यानं पदवीचा जवळपास अख्खा वर्ग बाद. पण धाब्यावर "बसायचं का?" म्हणत आलेल्या चौघांना वय कोण विचारतं?

स्टँडवरच्या त्या दोन वाक्यांचं कायदा नेमकं उलटं सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 63 बघा. नशेमुळं आपण कशाला होकार देतोय हेच जिला कळत नाही, तिचा होकार हा होकारच नाही. मग तिनं स्वतः घेतलेली असो की कुणी पाजलेली असो. आणि त्याची नशा? कलम 24 म्हणतं, आपल्या मर्जीनं प्यालेल्याला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती असं धरायचं. हे काही आजकालचं फॅड नाही. प्यालेल्या आरोपीबद्दलची ही तरतूद 1860 च्या दंड संहितेतही होती. इंग्रज गेले, कलमांचे आकडे बदलले, आपली जीभ मात्र वळली नाही.

कोर्टाचीही वळायला वेळ लागला. 1972 सालचं, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजचं मथुरा प्रकरण आपल्याच विदर्भातलं. पोलिस ठाण्यातच अत्याचार झाल्याची मथुरा या मुलीची तक्रार होती. दोघा आरोपी पोलिसांपैकी एक इतका प्यालेला होता की त्याला काही करता आलं नाही, असं तिनं सांगितलं. ठाण्यात पोलीस एवढा प्यालेला कसा, यावर देश पेटला नाही. सत्र न्यायालयानं खोटारडी ठरवलं ते तिला. नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये ती काढून टाकली. पुढच्या वर्षी वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मान तुकवणं म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा गाभा. 1983 चा कायदाबदल त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाचं फळ.

"पण दारू माणसाला जनावर करते," असं कुणी म्हणेलच. 1975 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. तरुणांपैकी काहींना व्होडका सांगून नुसतं टॉनिक दिलं, काहींना टॉनिक सांगून व्होडका दिली. जास्त आक्रमक कोण झाले? आपण प्यालोय असं ज्यांना वाटत होतं ते. पोटात काय होतं त्यावर ते ठरलं नाही. दारूनं तोल जातो, नजर फिरते, हे कोण नाकारतो? पण अंगावर जायची मुभा बाटलीतून येत नाही. ती पोरगा घरून, गल्लीतून, स्टँडवरून ऐकून येतो.

मे 2025 मध्ये सांगलीत एमबीबीएसच्या विद्यार्थिनीनं तक्रार दिली. सिनेमाच्या निमित्तानं बाहेर नेलं, मग एका फ्लॅटवर. तिथं प्यायला दिलं आणि भोवळ आली. तिघांना अटक झाली, त्यांतले दोघे तिच्याच वर्गातले. आरोप कोर्टात सिद्ध व्हायचा. पण "वर्गातले" या शब्दाशी मी अडलो. आपण मुलींना सांगतो अनोळखी माणसाकडून काही खाऊ-पिऊ नको. नांदेडला, पुण्याला रूम करणाऱ्या पोरीला आजारपणात डबा आणून देतात ते वर्गातलेच.

कॉलेजांत या विषयावर दोन कार्यक्रम होतात. व्यसनमुक्तीचा, त्यात मुलांना लिव्हरची चित्रं दाखवतात. मुलींच्या सुरक्षेचा, त्यात कराटे. झिंगलेल्या मुलीला घरी सोडायचं असतं, तिचं "हो" धरून बसायचं नसतं, हे मुलांना कुणी कोणत्या तासाला सांगतं? मला तरी तो तास सापडला नाही.

असं काही झालंच तर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, लगेच दवाखाना गाठावा. पाजलेल्या औषधाचा माग रक्त-लघवीतून लवकर पुसला जातो. उपचार फुकट करणं सरकारी काय, खासगी दवाखान्यालाही बंधनकारक आहे. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग तो पुण्यात घडलेला असला तरी. कॉलेजातल्या तक्रारीसाठी यूजीसीच्या 2015 च्या नियमांनुसार अंतर्गत समिती हवी. तिलाच आपण अजून विशाखा समिती म्हणतो. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तिच्यात तीन विद्यार्थी लागतात, तेही निवडून आलेले. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची.

महागाव, उमरखेड, आर्णी, पुसदच्या मुलामुलींनो, उद्या आपल्या कॉलेजातल्या समितीच्या फलकाचा फोटो काढून मला पाठवा. त्यावरची माणसं अजून नोकरीत आहेत का, फोन लागतो का, आणि ते तीन विद्यार्थी कधी निवडले, एवढंच विचारून या. जे येईल ते पुढच्या आठवड्यात याच जागी छापतो.