मेण आणि टक्कल

दिवाळीच्या आदल्या रविवारी आमच्या घरी कामांची वाटणी होते. सौभाग्यवती फराळाकडे, मुले आकाशकंदिलाकडे आणि मी गाडीकडे. गाडी म्हणजे वडिलांनी 1984 साली घेतलेली गडद निळी प्रीमियर पद्मिनी. वडील गेले आणि ती चकचकीत ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. ते मी दर दिवाळीला इतक्या निष्ठेने केले, की सातव्या दिवाळीला बॉनेटच्या कडेवर आठ आण्याएवढे टक्कल पडले! आतला राखाडी प्रायमर दिसू लागला.

रंगाऱ्याने माझा डबा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "साहेब, हे मेण नव्हे, रबिंग कंपाउंड आहे."

आता बोला! घासताना फडक्यावर निळे यायचे, तेव्हा मला वाटायचे, मळ निघतो आहे. तो गाडीचा रंग होता. कडेला रंगाचा थर मुळातच पातळ असतो, त्यामुळे टक्कल आधी तिथेच पडले.

कंपाउंड आणि पॉलिश यांत बारीक खर असते. ती रंगाचा वरचा थर खरवडते, म्हणून चमक येते. मेण काही काढत नाही; वर पातळ पडदा चढवते, आणि ऊन-पावसात रंगाऐवजी तो पडदा झिजतो. आजच्या बहुतेक गाड्यांत रंगावर पारदर्शक लॅकर असते. त्यामुळे घासले तरी फडके पांढरेच राहते आणि माणूस निर्धास्तपणे घासत सुटतो. पण त्या लॅकरची जाडी केसापेक्षाही कमी!

मेण कोणते घ्यावे? चांगल्या मेणात कार्नोबा असते. ब्राझीलच्या ईशान्येकडील एका ताडाच्या पानांवर ते तयार होते. मधमाशांचे मेण 62 ते 64 अंशांना वितळते, तर हे 80 च्या पुढे. उन्हात तापलेल्या बॉनेटवर हा फरक फार मोलाचा. शोभा सुरेख, पण टिकते दोन-तीन महिने, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याहून कमी. कृत्रिम सीलंट अधिक टिकते. सिरॅमिक लेप त्याहूनही टिकाऊ, पण त्याखाली ओरखडे राहिले तर तेही तितकेच टिकाऊ होतात. नवी गाडी असेल आणि हात सढळ असेल तर खुशाल करावा. हौसेने महिन्या-दोन महिन्यांनी तास घालवणाऱ्याला मेणच बरे, असे माझे मत.

मेणापेक्षा त्याआधीची धुलाई महत्त्वाची. भांड्यांचा साबण नको, तो चढवलेले मेण उतरवतो. गाडीचा शाम्पू घ्यावा आणि बादल्या दोन: एक साबणाची, दुसरी फडके खळबळायची. वाळल्यावर हात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून रंगावरून फिरवावा. रवाळ लागले तर क्ले बारने ते काढावे. नाहीतर धूळ तशीच मेणाखाली राहते. मग सावलीत, गार पत्र्यावर, अगदी पातळ हात द्यावा. जाड थर दिल्याने संरक्षण वाढत नाही, पुसणाऱ्याचे खांदे मात्र भरून येतात. डब्यावर सांगितले असेल तितके थांबून, ढगाळ पापुद्रा मायक्रोफायबरने पुसून काढावा. काळ्या प्लॅस्टिकला मेण लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात.

पुढे रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची जी आपली पद्धत आहे, ती आधी बंद करावी. रंगावरची गोल गोल जाळी ही तिचीच देणगी! आमची गाडी बदामाच्या झाडाखाली उभी असते आणि झाडावर कावळ्यांची वस्ती आहे. त्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते, उन्हात ते रंगाला खाते. मेण असले तर आपल्याला थोडी सवड मिळते, अभय नव्हे. ओल्या फडक्याने डाग भिजवून लगेच टिपावा. पाणी टाकल्यावर थेंब गोल उभे राहिनासे झाले, पसरू लागले, की मेण पुन्हा लावायची वेळ झाली.

टकलावर रंगाऱ्याने निळा भरून दिला. पण इतकी वर्षे ऊन खाल्लेला निळा डब्यात मिळत नाही, जवळून पाहिले की ठिगळ कळते. परवा धाकट्याने विचारले, "बाबा, आजोबांच्या वेळी हे होतं का?" मी म्हटले, "नव्हतं," आणि त्याच्या हाती मेणाचे फडके दिले. कंपाउंडचा डबा सौभाग्यवतीने माळ्यावर कुठेतरी ठेवला आहे. कुठे, ते मला सांगत नाही.