रिपोर्ट नॉर्मल, पोट नाही

शहर आणि शरीर / मृणाल

सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, कुणाकुणाची तर कोलोनोस्कोपीही झाली. डॉक्टर फाइल मिटतात आणि म्हणतात, "सगळं नॉर्मल आहे. काही झालेलं नाही तुम्हाला." बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या जिवात जीव येतो, सासूबाई देवापुढे साखर ठेवतात आणि जिचं पोट दुखतं ती त्या दिवसापासून एकटी पडते. दुखण्याला दाखवायला तिच्याकडे आता कागद नाही. उद्या पुन्हा कळ आली तर घरातलं कुणीतरी म्हणणारच, "अगं, रिपोर्ट तर चांगले आले होते ना?"

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, हा आजार असा आहे. मला स्वतःला तो आहे, त्यामुळे आजचं लेखन अलिप्तपणे होणार नाही. माझं म्हणणं सरळ आहे. नॉर्मल रिपोर्ट हा या आजाराच्या उपचारांचा आरंभ समजायला हवा. आपल्याकडे त्याच कागदावर प्रकरण बंद होतं, आणि पुढचा सगळा त्रास माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर टाकला जातो.

आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, गाठ नसते. बिघडलेले असतात ते आतडं आणि मेंदू यांच्यातले निरोप, आणि निरोप सोनोग्राफीत दिसत नाहीत. १९७३ साली रिची या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात लहानसा फुगा ठेवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. आयबीएस नसलेल्यांपैकी ६ टक्के लोकांना त्याने दुखलं. आयबीएस असलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना दुखलं. फुगा तोच, ताण तेवढाच. त्यामुळे 'तुलाच कसं एवढं दुखतं?' या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते पन्नास वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे: या आतड्याच्या नसा तोच ताण मोठा करून मेंदूला कळवतात.

निदानाचे निकषही ठरलेले आहेत. रोम फाउंडेशनने २०१६ साली ते सुधारून दिले. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतं का? त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा शौचाच्या स्वरूपाशी संबंध आहे का, या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टींशी? आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झाले का? डॉक्टरांनी रुग्णासमोर दहा मिनिटं बसून हे विचारलं, तर 'काही सापडलं नाही, म्हणून आयबीएस असेल' असं चाचपडत सांगावं लागत नाही. 'तुम्हाला आयबीएस आहे' असं ठामपणे सांगता येतं. या एका वाक्याने रुग्णाचा अर्धा घोर कमी होतो. मात्र शौचावाटे रक्त जाणं, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्त कमी होणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच त्रास सुरू होणं, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासण्या करायच्याच. तिथे आयबीएसच्या नावाखाली थांबायचं नाही.

हा आजार येतो कुठून, याचं एक उत्तर थेट नळाच्या पाण्यापाशी जातं. कॅनडातल्या वॉकरटन या गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात घातक जिवाणू मिसळले. दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात जण दगावले. संशोधकांनी त्या गावाचा पुढे कित्येक वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ज्यांना जुलाब झाले होते त्यांच्यात आयबीएसचं प्रमाण इतर गावकऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. जंतू गेले होते, आतड्याचा हळवेपणा मागे राहिला होता. आपल्या शहरांत पावसाळ्यात जलवाहिनी फुटते, दोन दिवस गढूळ पाणी येतं, अख्ख्या चाळीचं पोट बिघडतं. आठवड्याभरात बहुतेकांचं पूर्ववत होतं. काहींचं कधीच होत नाही, आणि त्यांची नोंद कुठल्याच महापालिकेच्या दफ्तरात होत नाही.

आता उचल खाल्लेल्या पोटाविषयी. हा आजार महिनोन्महिने गप्प राहतो आणि एखाद्या सकाळी उचल खातो. बदलापूरहून सीएसएमटीला कामाला जाणारी बाई घ्या. वाटेत दीडेक तास, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नाही. ती घरून निघताना चहा घेत नाही, पोळीचा तुकडा तोंडात टाकत नाही. पर्समध्ये जादा सलवार आणि एक प्लॅस्टिकची पिशवी असते. कुठल्या फलाटाच्या कुठल्या टोकाला शौचालय आहे, कुठलं कुलपात असतं, कुठे सुट्टे पैसे लागतात, हे तिला तोंडपाठ असतं. डोंबिवली गेलं की पोटात गुरगुर सुरू होते. ठाण्याला उतरावं की दादरपर्यंत दम धरावा, याचा हिशेब करता करता कपाळाला घाम येतो, आणि त्या भीतीनेच कळ वाढते. शेजारची बाई विचारते, "बरं वाटत नाहीये का?" काय सांगणार? ती म्हणते, "ॲसिडिटी झालीये."

उपाशी राहण्याने तिचं भलं होत नाही. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आकुंचन पावतं. ही क्रिया सगळ्यांच्याच शरीरात घडते, आयबीएसमध्ये तिचा जोर जास्त असतो, आणि जेवण जितकं मोठं आणि तेलकट तितका तो वाढतो. दुपारी दीडपर्यंत उपाशी राहून मग डबाभर जेवलं की तीनच्या मीटिंगमध्ये पोट उसळतंच. त्यापेक्षा तासभर लवकर उठून थोडं खाणं आणि घरातच शौचाला निवांत वेळ मिळणं अधिक उपयोगाचं. पण सकाळी सहाला बाथरूम अडवून बसायला बाईला घरात मुभा लागते. ती बहुतेक घरांत नसते. नवऱ्याची आंघोळ, मुलांची शाळा, मग हिचा नंबर.

प्रत्यक्ष कळ आली की आधी कपड्याची नाडी सैल करा. गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवा, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडा. पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. हे खुळचट वाटतं, पण श्वासाने शांत होणाऱ्या नसांचं जाळं आतड्यापर्यंत पोचलेलं आहे. कळ ओसरली की मऊ भात, थोडं मीठ, लिंबू. जुलाब असतील तर ओआरएस. पेटके थांबवणाऱ्या आणि जुलाब आवरणाऱ्या गोळ्या चांगल्या आहेत, पण कुठली, किती आणि कधी घ्यायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, म्हणजे ऐन वेळी केमिस्टच्या काउंटरवर उभं राहून ठरवावं लागणार नाही.

त्या काउंटरवर काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. "पोट बिघडलंय" म्हटलं की 'आव झाली असेल' म्हणून मेट्रोनिडाझोल किंवा दोन औषधांची जोडगोळी असलेली प्रतिजैविकांची पट्टी हातात पडते. आयबीएसच्या रुग्णाला वर्षातून चार-पाचदा असा डोस मिळाला, तर आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची दर वेळी धूळधाण होते. दोन दिवस बरं वाटतं, कारण उचल तशीही दोन-चार दिवसांत ओसरणार असते. श्रेय पट्टीला जातं आणि पुढच्या वेळी माणूस स्वतःच तीच पट्टी मागतो. चिठ्ठीशिवाय ही औषधं विकणं थांबलं पाहिजे.

पथ्याच्या बाबतीत मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने मोलाचं काम केलं आहे. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे जाऊन आंबणाऱ्या शर्करा त्यांनी पदार्थागणिक मोजल्या. त्या यादीत आपलं स्वयंपाकघर पुरतं सापडतं: कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, फ्लॉवर, दूध, आंबा, कलिंगड. सकाळच्या कांदेपोह्यांपासून रात्रीच्या पोळीपर्यंत सगळं त्यात आलं. पण तांदळाची भाकरी, भात, बटाटा, गाजर, वांगं, पालक, आलं चालतं. लसणाची जी शर्करा पोटाला बाधते ती पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून तेलात अख्ख्या पाकळ्या तांबूस परतून त्या काढून टाकल्या, की फोडणीला लसणाचा वास राहतो आणि पोट शांत राहतं. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांना असा स्वयंपाक शिकवावाच लागत नाही. हिंग-जिऱ्याची फोडणी, आल्याचा ठेचा, वर ओलं खोबरं, एवढ्यावर त्यांची भाजी उत्तम होते.

पण हे पथ्य दोन ते सहा आठवड्यांचंच आहे, हे आवर्जून सांगायला हवं. नंतर एकेक पदार्थ परत आणून आपल्याला नेमकं काय बाधतं ते शोधायचं आणि बाकीचं मनसोक्त खायचं. पहिली पायरी चढून तिथेच वर्षानुवर्षं थांबलेली, वरण-भातालाही घाबरणारी, हाडं वर आलेली माणसं मी पाहिली आहेत. तंतुमय पदार्थांबाबतही सरसकट सल्ला नको. इसबगोलने अनेकांना बरं वाटतं, गव्हाच्या कोंड्याने वाटत नाही. नेदरलँड्समधल्या २००९ च्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. तरी 'कोंडा खा, पोट साफ होईल' असं सांगणारे घरोघरी आहेत.

आणि मन. "फार विचार करतेस, म्हणून होतं" हे ऐकून मला आजही संताप येतो, कारण त्यात आरोप असतो. मेंदू आणि आतडं जोडलेले आहेत, हे खरंच आहे, आणि म्हणून मेंदूच्या वाटेने उपचारही होतात. १९८४ साली मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी आतड्यावर केंद्रित संमोहनाचा उपयोग दाखवून दिला. २०२३ साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत अमिट्रिप्टिलीन या जुन्या औषधाची अगदी लहान मात्रा फॅमिली डॉक्टरांनी दिली आणि रुग्णांना आराम पडला. मोठ्या मात्रेत हे नैराश्यावरचं औषध आहे, लहान मात्रेत ते आतड्याच्या वेदनेवर काम करतं. आपल्याकडे ही चिठ्ठी पाहून केमिस्ट सांगतो, "ही डिप्रेशनची गोळी आहे," आणि ती घरी जाऊन कचऱ्यात पडते. डॉक्टरांनी चिठ्ठी देताना दोन वाक्यं खर्च केली, तर हे टळेल.

राहता राहिलं शौचालय, आणि ते घरच्या किंवा डॉक्टरांच्या हातात नाही. २०११ साली मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' मोहीम सुरू केली, तेव्हा कुठे स्वच्छतागृहांबद्दल उघड बोलणं सुरू झालं. आतड्याच्या रुग्णांना त्यापुढची गोष्ट हवी आहे, कारण त्यांच्या हातात मिनिटं असतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २००५ साली कायदा केला. आतड्याचा आजार असलेल्या अ‍ॅली बेन या मुलीला एका दुकानाने शौचालय वापरू दिलं नव्हतं, त्यावरून तो झाला. वैद्यकीय गरज असलेल्या ग्राहकाला कर्मचाऱ्यांचं शौचालय वापरू द्यावं, असं तो सांगतो. आपल्या राज्यात २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने कर्मचाऱ्यांसाठी शौचालयाची सोय करणं सक्तीचं आहे. म्हणजे रस्तोरस्ती शौचालयं आहेत, ती फक्त दाराआड आहेत. डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं एक साधं ओळखपत्र आरोग्य खात्याने ठरवून द्यावं, आणि ते दाखवणाऱ्याला दुकान, बँक, हॉटेल, कार्यालय यांनी आपलं शौचालय वापरू द्यावं, असा नियम करावा. ओळखपत्रावर आजाराचं नाव नको. 'वैद्यकीय कारणास्तव तातडीने शौचालय आवश्यक' एवढी ओळ पुरे, आणि ती वाचल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारायचा नाही.