डायलला पाय असतात

दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या खिशातल्या घड्याळांपैकी काहींचे डायल आता सुटतच नाही. काटे काढावेत, प्लेटच्या कडेचे स्क्रू सैल करावेत, तरी डायल जागचे हलत नाही. भिंगातून कडेला पाहिले की डायल आणि प्लेट यांच्यामध्ये पिवळट, काचेसारखी एक रेघ दिसते. आधीच्या कोणीतरी पाय मोडल्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे दोन-चार थेंब टाकून काम भागवलेले असते. पुढच्या कारागिरापुढे मग दोनच वाटा उरतात. एकतर मशीन न उघडता तसेच परत द्यायचे, नाहीतर शंभर वर्षे टिकलेले इनॅमल तडकण्याचा धोका पत्करायचा. या महिन्याची ही जागा आम्ही एकाच मुद्द्यासाठी वापरत आहोत: डायल आणि मशीन यांच्यामध्ये गोंद नको.

इनॅमलचे डायल म्हणजे तांब्याची पातळ चकती. तिच्या मागच्या बाजूला सुमारे मिलिमीटरभर जाडीचे तांब्याचे पाय आधी डाखले जातात आणि मग दोन्ही अंगांना इनॅमलचे थर देऊन चकती साधारण 800 अंश सेल्सिअसला भाजतात. मागच्या बाजूचे इनॅमल शोभेसाठी नसते. तांबे आणि इनॅमल वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे एकाच बाजूला थर दिला तर चकती वाकडी होते. पाय भट्टीआधीचे असल्यामुळे डायलच्या अंगात मुरलेले असतात. नंतर बसवलेला कोणताही पाय त्यांच्या तोडीचा होत नाही.

हे पाय धरून ठेवण्याच्या तीन पद्धती आपल्या सगळ्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. इंग्लंडच्या जुन्या घड्याळांत पायाला आडवे भोक असते आणि त्यातून निमुळती पितळी पिन घातलेली असते. पिनेचे जाड टोक चिमट्याला सापडेल असे ठेवले, तर दोनशे वर्षांनीही ती सहज ओढून काढता येते. वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन अशा अमेरिकी कारखान्यांनी प्लेटच्या कडेतून आडवे स्क्रू आणले. त्यांचे टोक पायाला बाजूने दाबते. बहुतेक ठिकाणी पाय तीन आणि स्क्रूही तीन. तिसरी पद्धत स्विस घड्याळांत भरपूर दिसते आणि आमच्या मते ती सगळ्यांत देखणी आहे: अर्धा माथा कापलेला स्क्रू. तो प्लेटच्या मागच्या बाजूला, पायाच्या भोकाच्या अगदी शेजारी उभा असतो. माथ्याची कापलेली बाजू पायाकडे वळवली की पाय मोकळा. अर्धा फेरा दिला की माथ्याची धारदार कड पायाच्या तांब्यात रुतते आणि पाय खाली ओढला जातो. जुन्या लाकडी कपाटाच्या दाराला असते ती फिरकी जशी काम करते, तसेच हे काम. स्क्रू बाहेर काढावा लागत नाही, हरवत नाही, आणि उघडमिटीची सगळी क्रिया अर्ध्या फेऱ्यात संपते.

ही कड रुतते म्हणजे किती, हे एकदा सवडीने भिंगाखाली पाहण्यासारखे आहे. नीट वापरलेल्या पायावर नखाच्या कोरीएवढी एकच बारीक खाच असते आणि दर वेळी स्क्रू त्याच खाचेत जाऊन बसतो. निष्काळजीपणे हाताळलेल्या पायावर तीन-चार खाचा एकीखाली एक दिसतात आणि शेवटची निम्म्या जाडीपर्यंत गेलेली असते. डायल पूर्ण बसण्याआधीच कोणीतरी स्क्रू फिरवला, की नवी खाच पडते. म्हणून आधी अंगठ्याने कडेवर, पायाच्या बरोबर वर, डायल टेकवून धरावे आणि मगच स्क्रू फिरवावा. मध्यावर कधीही दाबू नये. मधला भाग आणि सेकंदाचा भाग खोलगट असलेल्या डायलमध्ये ते भाग वेगळे करून मागून मऊ डाखाने जोडलेले असतात आणि मध्यावरच्या दाबाने हा जोड सुटतो.

इनॅमलवर बारीक केसासारख्या चिरा कुठे सुरू होतात ते पाहा. पडझडीच्या चिरा कडेपासून येतात. मात्र पुष्कळ चिरा पायाच्या जागेवरून निघतात आणि त्या आपल्या स्क्रूड्रायव्हरने केलेल्या असतात. आडवा स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला की तो पायाला बाजूला ढकलतो. पाय तांब्याचा, तो वाकतो. पण त्याच्या मुळाशी असलेले इनॅमल वाकू शकत नाही. वाकलेला पाय सरळ करतानाही हीच काळजी हवी: मुळाशी एका मजबूत चिमट्याने घट्ट धरायचे आणि वरचे टोक दुसऱ्या चिमट्याने सरळ करायचे, म्हणजे जोर मुळापर्यंत पोहोचत नाही.

डायल नुसते दिसायला असते, मशीनशी त्याचा काय संबंध, असे काही तरुण कारागीर म्हणतात. त्यांच्यासाठी एक नेहमीची तक्रार घेऊ. गिऱ्हाईक सांगते, मिनिटकाटा बरोबर चालतो, पण तासकाटा मागे राहतो, कधी जागीच थांबतो. कारागीर कॅनन पिनियन तपासतो, काटा घट्ट करतो, घड्याळ परत देतो. आठवड्याने ते पुन्हा टेबलावर. तासाचे चाक कॅनन पिनियनवर सैल फिरते. त्याला वर सरकू न देण्याचे काम डायल आणि त्याखालची पातळ पितळी वॉशर करतात. पायाचा स्क्रू सैल होऊन डायल कडेला थोडे उचलले गेले, की तासाचे चाक तेवढे वर येते आणि शेजारच्या मिनिट व्हीलच्या पिनियनमधून त्याचे दात सुटतात. मिनिटकाटा बिनधास्त फिरत राहतो. दोष काट्यात नसतो. अर्धा फेरा न दिलेल्या एका स्क्रूत असतो.

डायल आडवे सरकले तर काय होते याचा हिशेबही करून पाहू. मिनिटकाटा एका मिनिटात 6 अंश जातो, म्हणजे डायलचा एक अंश 10 सेकंदांचा. 1891 साली ओहायोत किप्टनजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर वेब बॉल यांच्या देखरेखीखाली अमेरिकी रेल्वेच्या घड्याळांचे जे कडक नियम आले, त्यांत आठवड्याला 30 सेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नसे. वेळ लावल्यानंतर डायल पायांवर 3 अंश फिरले, तर ही आठवड्याची सगळी मुभा एका हिसक्यात संपते, मग आत बॅलन्स कितीही नीट सांभाळलेला असो. लहान सेकंदकाट्याचे आणखी नाजूक. त्याचे केंद्र घड्याळाच्या मध्यापासून 10 मिलिमीटर लांब धरले, तर डायल एक अंश फिरल्यावर सेकंदाचे भोक 0.17 मिलिमीटर सरकते. काट्याची नळी भोकाच्या कडेला घासायला तेवढे पुरते. घड्याळ एका स्थितीत चालते, दुसऱ्या स्थितीत बंद पडते, आणि आपण बिचाऱ्या हेअरस्प्रिंगवर संशय घेत बसतो.

आता गोंदाकडे वळू. झटपट गोंदाची वाफ सुकताना आसपासच्या पृष्ठभागांवर पांढरट थर सोडते. काचेच्या आतल्या बाजूला तो दिसतो. आत पिव्होटपाशी बसला तर दिसत नाही. गोंद काढायला अॅसिटोन लागते. भाजलेल्या इनॅमलला त्याने काही होत नाही, पण डायलवरचे दुकानाचे किंवा मालकाचे नाव पुष्कळदा नंतर, न भाजता लिहिलेले असते. ते कापसाच्या एका फटक्यात निघून जाते आणि त्याबरोबर घड्याळाचा निम्मा इतिहास. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या गोल टिकल्या यापेक्षा बऱ्या, असा एक समज आहे. त्या सुटतात, हे खरे. पण त्या डायलला आपल्या जाडीएवढे उचलतात आणि तासाच्या चाकाला तेवढी मोकळीक मिळते. उन्हाळ्यात त्यांचा चिकटा मऊ होतो आणि डायल हळूहळू फिरते. वरच्या दोन्ही तक्रारी त्या एकत्र ओढवून घेतात.

पाय मोडलेलाच असेल तर? आमचे उत्तर स्पष्ट आहे: पाय नवा बसवा. धातूच्या डायलसाठी पाय डाखण्याची छोटी विजेची यंत्रे मिळतात. कार्बनच्या टोकातून क्षणभर उष्णता जाते आणि पुढचा रंग वाचतो. इनॅमलच्या डायलला जास्त सबुरी लागते. मोडलेल्या पायाच्या जागेभोवतीचे मागचे इनॅमल हिऱ्याच्या बारीक बरने, पाण्याखाली, सावकाश घासून तांबे उघडे करायचे. घाई केली तर उष्णतेने कपचा उडतो. मग नव्या पायाच्या बुडाला रुंद टाच ठेवून तो मऊ डाखाने बसवायचा. कथील-शिशाचा डाख 183 अंशांना वितळतो, इनॅमलच्या भट्टीच्या मानाने हे काहीच नाही. तरी एकाच जागी अचानक बसणारा चटका इनॅमलला सोसत नाही, म्हणून पाय आणि तांबे दोन्ही आधीच कलई करून ठेवावेत आणि जोड काही क्षणांत उरकावा. खोलगट, जोडलेल्या डायलच्या बाबतीत उष्णता जुन्या जोडापर्यंत जाईल अशी शंका आली तर डाखाचा नाद सोडावा. तिथे दोन भागांचा इपॉक्सी रुंद टाचेच्या पायाखाली वापरावा.

इथे कोणी म्हणेल, मग गोंद आलाच की. आला, पण पाय आणि डायल यांच्यामध्ये. तो जोड पुन्हा उघडायचा नसतो. डायल आणि मशीन यांच्यामधला जोड दर सर्व्हिसिंगला उघडायचा असतो, म्हणून तिथे फक्त स्क्रू किंवा पिन. हा फरक शिकाऊ मुलांना पहिल्या महिन्यातच सांगितला पाहिजे.

आपल्याकडच्या दमट हवेचा एक वेगळा त्रास आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात हे बारीक पोलादी स्क्रू गंजून जागीच बसतात, आणि डायल निघत नाही म्हणून कोणीतरी कडेखाली पाते घालून उचकटते. पाय मोडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. गंजलेल्या स्क्रूला मुरणारे तेल लावून रात्रभर ठेवा, पाते खाचेच्या रुंदीचे घासून घ्या, तरी तो न हलल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. माथा तुटून धड प्लेटमध्ये राहिले तर तुरटीचा जुना उपाय अजूनही सर्वांत सुरक्षित आहे. प्लेटवरचा पोलादाचा प्रत्येक भाग काढून टाकायचा, मग प्लेट तुरटीच्या कोमट दाट पाण्यात ठेवायची. पोलाद विरघळून जाते, पितळ आणि आटे शाबूत राहतात. पोलादी पिन किंवा स्टड चुकून आत राहिला तर तोही जाईल, एवढे लक्षात ठेवावे. त्यानंतर साध्या स्क्रूचा माथा कानशीने अर्धा कापून नवा स्क्रू बनवणे हे तासाभराचे काम आहे.

पायांचे आणखी एक मोल आपण विसरत चाललो आहोत. पाय कुठे बसायचे हे त्या मशीनवर ठरते, म्हणून डायलची मागची बाजू ते डायल त्याच मशीनचे आहे की नाही ते सांगते. फाव्र-ल्यूबाने 1865 पासून मुंबईत घड्याळे आणली. वेस्ट एंड वॉच कंपनीच्या डायलवर मुंबई आणि कलकत्ता ही दोन्ही नावे असत. ही घड्याळे आपल्याच घराघरांत होती आणि आज संग्राहक ती शोधत फिरतात. विकत घेणारा जाणकार आता डायलची मागची बाजू पाहायला मागतो. तिथे कापलेल्या पायांचे ठिपके आणि गोंद दिसला, की ते डायल दुसऱ्याच मशीनचे असल्याचा त्याला संशय येतो, आणि तो बहुधा खरा असतो. डायल पुन्हा रंगवणाऱ्या आपल्या व्यावसायिकांना आमची कळकळीची विनंती आहे: डायल बसत नाही म्हणून पाय कापून देऊ नका. गिऱ्हाइकाला सांगा की हे डायल या मशीनचे नाही. त्या क्षणी धंदा थोडा बुडेल, पण कापलेला पाय कोणालाच परत लावता येत नाही.

खिशातली घड्याळे गेली, आता कशाला हे, असे वाटत असेल तर युनिटास 6497 आणि 6498 आठवा. ही मुळात खिशातल्या घड्याळांची मशीन. आज ती मोठ्या मनगटी घड्याळांत धडधडत आहेत आणि त्यांच्या डायललाही पायच आहेत.

या अंकापासून आमच्या नमुना जॉबकार्डावर आम्ही दोन नवे रकाने छापत आहोत: डायलचे पाय किती आणि कोणत्या स्थितीत, तसेच डायल कशाने धरले आहे. घड्याळ घेताना गिऱ्हाइकासमोरच ते भरावेत, कारण आधीच मोडलेल्या पायाचे खापर आपल्या माथी येऊ नये. ज्यांच्याकडे जुन्या मशीनची सुटी डायल पडून आहेत, त्यांनी मागची बाजू ट्रेसिंग पेपरवर उतरवावी. बाराचा आकडा वर ठेवून, प्रत्येक पाय कोणत्या मिनिटावर आणि मध्यापासून किती मिलिमीटरवर आहे ते मोजावे आणि मशीनच्या नावासह आम्हाला पाठवावे. मागून पाहताना डावे-उजवे उलटते, म्हणून कागदावर 'मागून' किंवा 'पुढून' असे जरूर लिहावे. आलेली रेखाटने आम्ही दर अंकात एक पान राखून छापू.